मेथीच्या एका क्रेटपासून गच्चीवरची भाजी

पहिल्यांदाच भाजीपाला लावणारा माणूस बहुधा रोपवाटिकेतून टोमॅटो, वांगी आणि ढोबळी मिरचीची रोपे एकदम घेऊन येतो आणि पुढे ती वाळली, की आपल्या हाताला यश नाही असे ठरवून मोकळा होतो. त्यापेक्षा सुरुवात मेथीने करावी. बी वाण्याकडे मिळते, तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात भाजी ताटात येते.

आधी गच्चीत ऊन कोठे आणि किती वेळ पडते ते आठवडाभर पाहावे. पालेभाजीला चार तासांचे ऊन पुरते, भेंडी-वांग्याला मात्र सहा तास हवेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडच्या बाल्कनीत तेव्हा ऊन जवळजवळ येतच नाही.

फळवाल्याकडचा जुना क्रेट आतून गोणपाटाने मढवून त्यात सहा इंच माती भरावी. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा हे मिश्रण चांगले. नुसती काळी माती कुंडीत पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. शेणखत मात्र पूर्ण कुजलेले, भुसभुशीत आणि वास नसलेलेच घ्यावे, कारण कच्च्या शेणाबरोबर हुमणी ही अळी येते आणि ती मुळे कुरतडते.

मेथीदाणे रात्रभर भिजवावेत, चार बोटांच्या अंतराने ओळी ओढून पेरावेत आणि वर मातीचा पातळ थर देऊन झारीने शिंपडावे. खरी परीक्षा यापुढे असते, कारण नवशिक्यांची रोपे तहानेपेक्षा अतिपाण्यानेच जास्त मरतात. पाणी देण्यापूर्वी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावी. टोकाला ओल लागली आणि माती चिकटली, तर त्या दिवशी झारी उचलू नये. माझ्या पहिल्या क्रेटातली मेथी बुंध्याशी काळी पडून एका रात्रीत आडवी झाली होती, तीही मी सकाळ-संध्याकाळ मायेने पाणी घातल्यामुळेच. तयार मेथी मुळासकट न उपटता दोन इंच राखून कापली, तर ती पुन्हा फुटते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा पालेभाज्यांचा सोपा काळ असतो. कोथिंबिरीसाठी धने लाटण्याने हलके रगडून दोन फाकी कराव्यात. जूनमध्ये भेंडी, गवार आणि वेलवर्गीय भाज्यांकडे वळावे. भेंडीला फूटभर खोल कुंडी लागते आणि साधारण दीड महिन्यात ती तोडणीला येते. मग दर दिवसाआड तोडली नाही, तर ती जून होते. पानांखाली मावा ही रस शोषणारी बारीक कीड दिसल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे दोन थेंब मिसळून सायंकाळी फवारावे.

दुधीचा वेल फुलतो, पण उंच इमारतीवर कीटक कमी फिरकत असल्याने कळ्या गळतात. तेव्हा परागीकरण हातानेच करावे. लांब देठाचे फूल नर आणि पाकळ्यांखाली लवदार इवलासा दुधी असलेले मादी असते. दुधीची फुले संध्याकाळी उमलतात. त्या वेळी नराच्या पाकळ्या सोलून त्याचा परागकोश मादीच्या मधोमध हलकेच टेकवावा. चार-पाच दिवसांत तो इवला दुधी पिवळा न पडता फुगू लागला, तर फळ धरले असे समजावे.