एवे लोकांचे आग्बाजा शिकताना: आधी घंटा, मग ढोल
घानाच्या आग्नेय भागात आणि शेजारच्या टोगो व बेनिन या देशांत राहणाऱ्या एवे लोकांचे आग्बाजा हे संगीत-नृत्य शिकू पाहणाऱ्याने ढोलाला हात लावण्यापूर्वी गांकोगुई ही लोखंडी जोडघंटा पक्की करावी, कारण सारा वाद्यवृंद तिच्याच आधाराने चालतो. १२ सूक्ष्म मात्रांच्या आवर्तनात काठीचे आघात १, ३, ५, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर येतात. पहिला बहुधा मोठ्या, खर्जाच्या घंटेवर आणि उरलेले लहान घंटेवर. पायाने मात्र १, ४, ७ आणि १० या मात्रांवर ठेका धरावा. पाय आणि घंटा केवळ १ व १० वर भेटतात, त्यामुळे ४ आणि ७ वर घंटा गप्प असतानाही पाय ठामपणे पडणे हीच नवशिक्याची खरी कसोटी असते. ती जमेपर्यंत लय वाढवू नये.

त्यानंतर मण्यांच्या जाळीने वेढलेला भोपळ्याचा खुळखुळा, म्हणजे आखात्से, घ्यावा. घंटेच्या आघातासोबत तो खाली मांडीवर आणि मधल्या रिकाम्या जागी वर तळहातावर आपटतात. कागानु हा छोटा ढोल प्रत्येक ठेक्यानंतरच्या दोन मात्रा भरतो, तर किडी हा ढोल सोगो या मुख्य ढोलाला उत्तर देतो.

नृत्यात गुडघे सैल ठेवून धड किंचित पुढे झुकवावे आणि खांद्यांची पाती लयीत मागे आवळून सोडावीत. लक्ष हातांकडे गेले की पाठ आखडते, म्हणून हालचाल पाठीतूनच निघू द्यावी.