एचपीव्ही तपासणी: ब्रशपासून रिपोर्टपर्यंत या चुका टाळा

एचपीव्ही हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू. या कॅन्सरबद्दल जगभर ज्या अभ्यासाचा आधार घेतला जातो, तो आपल्या धाराशिव जिल्ह्यात झाला. 1999 साली आयएआरसी (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था), टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल यांनी 52 गावसमूह चार गटांत विभागले. त्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका होत्या. पहिल्या गटाची एचपीव्ही तपासणी झाली, दुसऱ्याची पॅप (पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), तिसऱ्याची ॲसेटिक ॲसिड लावून पाहणी म्हणजे व्हीआयए, आणि चौथ्याला नेहमीचीच सेवा मिळाली. 2009 मध्ये निकाल छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने 8 वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. बाकी दोन पद्धतींत तसा ठोस फरक दिसला नाही.

एवढी भरवशाची तपासणीही चुकते. त्यात मशीनचा दोष क्वचित असतो. बहुतेक घोळ नमुना घेताना, बाटली हाताळताना आणि रिपोर्ट वाचताना होतात.

नमुना घेताना

पाळी चालू असताना शिबिरात आलीच आहे म्हणून नमुना उरकून घेऊ नका. जास्त रक्त आणि घट्ट स्राव पीसीआर (विषाणूचा डीएनए अनेक पटींनी वाढवून शोधणारी चाचणी) अडवतात. आदल्या 48 तासांत योनीत औषधाची गोळी किंवा क्रीम वापरलं असेल, तरी तारीख पुढे ढकला. स्पेक्युलमला (योनी उघडी धरणाऱ्या उपकरणाला) जेली फासायची सवय सोडा, कोमट पाण्याने भागतं. जेलीच लागली तर कार्बोमर (जेली घट्ट करणारा पदार्थ) नसलेली, अगदी थोडी, आणि टोकाला न लावता.

झाडूसारखा ब्रश असेल तर मधले लांब केस गर्भाशयमुखाच्या छिद्रात जाऊ द्या, हलका दाब ठेवा आणि घड्याळाच्या दिशेने 5 पूर्ण फेरे द्या. केसांची कड एकाच दिशेने घासेल अशी कापलेली असते. उलटं फिरवलं तर पेशी सुटत नाहीत.

शिबिरात सर्रास दिसणारी चूक क्रमाची आहे. आधी व्हीआयए होते, मग एचपीव्हीचा ब्रश फिरतो. ॲसेटिक ॲसिडमुळे नमुना बिघडू शकतो. आधी ब्रश, मग ॲसिड, असा क्रम भिंतीवरच लिहून ठेवा.

बाटलीत

थिनप्रेप या ब्रँडच्या बाटलीत ब्रश तळाशी 10 वेळा दाबून केस फाकवायचे, जोरात फिरवायचा आणि बाहेर टाकून द्यायचा. शुअरपाथमध्ये मात्र ब्रशचं डोकंच तोडून बाटलीत ठेवतात. दोन्ही कंपन्यांच्या बाटल्या एकाच टेबलावर असल्या की हमखास गडबड होते. झाकणावरची रेघ बाटलीवरच्या रेघेपुढे जाईपर्यंत घट्ट करा. थिनप्रेपच्या द्रावणात मिथेनॉल असतं. झाकण सैल राहिलं तर ते उडतं आणि वाटेत गळतंही.

अशा बाटल्यांसाठी नेहमीची मर्यादा 30 अंशांपर्यंत असते. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-लातूरकडे पारा चाळिशी ओलांडतो, बंद जीपमध्ये त्याहून जास्त. जेल पॅक टाकलेला थर्मल डबा वापरा, बाटल्या उभ्या ठेवा आणि नाव-नंबर झाकणावर न लिहिता बाटलीच्या अंगावर लिहा. झाकणं अदलाबदल होतात.

लॅबमध्ये

पेशी तळाशी बसतात. व्होर्टेक्स न करता (यंत्रावर जोरात न घुसळता) वरचं द्रावण उचललं तर नुसतं मिथेनॉल हाती येतं. त्याच बाटलीतून पॅपची स्लाइड करायची असेल तर एचपीव्हीचा हिस्सा आधीच वेगळा काढा, नाहीतर स्लाइडच्या मशीनमधून एकीच्या पेशी दुसरीच्या बाटलीत जाण्याची भीती असते.

आता कंट्रोल, म्हणजे तपासणी नीट झाली का हे दाखवणारी खूणचाचणी. याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. काही किटमध्ये कंट्रोल बाहेरून घातलेला असतो. तो लागला म्हणजे रिॲक्शन चालली, एवढंच कळतं. ब्रशवर पेशी आल्या होत्या का, हे बीटा-ग्लोबिनसारखं माणसाचं जनुक लागल्यावरच कळतं. म्हणून किटचं पत्रक उघडून कंट्रोल कोणता आहे ते पाहा. जुन्या हायब्रिड कॅप्चर 2 या किटमध्ये पेशी पुरेशा आहेत की नाहीत हे दाखवणारा कंट्रोलच नाही, तिथे नमुना घेणारीच्या हातावर सगळी भिस्त.

माणसाचं जनुक लागलं नाही तर काढलेला डीएनए 10 पट पातळ करून पुन्हा चालवा. आता लागलं तर अडथळा रक्ताचा किंवा जेलीचा होता. तरीही नाही लागलं तर बहुधा पेशीच कमी आहेत, बाईला परत बोलवा. ‘इनव्हॅलिड’ला (निकालच लागला नाही) ‘निगेटिव्ह’ धरणं ही या कामातली सर्वात महागडी चूक आहे.

प्लेटवर (अनेक नमुने एकत्र चालवायच्या खाचांच्या ताटलीवर) शेजारशेजारचे नमुने ओळीने पॉझिटिव्ह आले की आधी पाणी घातलेला निगेटिव्ह कंट्रोल पाहा. तोही पॉझिटिव्ह असेल तर अख्खी प्लेट बाद. टेबल हायपोक्लोराइटने (ब्लीचने) पुसा, पण पेशी फोडणाऱ्या, ग्वानिडिन असलेल्या लायसिस बफरवर ते सांडू देऊ नका, विषारी वायू सुटतो.

रिपोर्ट वाचताना

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक संसर्ग दोनेक वर्षांत शरीरच निपटून काढतं. काहींत विषाणू टिकतो. त्याची ई6 आणि ई7 प्रथिनं पेशीचे पी53 आणि आरबी हे लगाम निकामी करतात, आणि कॅन्सरपर्यंतचा प्रवास साधारण 15 ते 20 वर्षांचा असतो. म्हणूनच तिशीच्या आत सरसकट तपासणी नको, जाणारे संसर्ग उगाच पकडले जातात. एचआयव्ही असलेल्या बाईची मात्र 25 पासून, दर 3 ते 5 वर्षांनी. संसर्ग कधी आणि कुणाकडून आला, हे रिपोर्ट सांगू शकत नाही. घरात भांडण लागायच्या आधी हे दोघांनाही सांगा.

16 किंवा 18 प्रकार आला तर सरळ कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी). या दोहोंमुळे सुमारे 70 टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर होतात. इतर घातक प्रकार आल्यास पॅप किंवा व्हीआयए करा, ती ठीक असेल तर 12 महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही. ‘पिशवी काढून टाका, कटकटच नको’ हा सल्ला नुसत्या पॉझिटिव्हवर देणं चुकीचंच आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये राज्यभर गाजलं, त्यानंतर तरी हे वेगळं सांगायला लागू नये.

उलट बाजूही आहे. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं किंवा डोळ्यांना दिसणारी गाठ असेल तर एचपीव्हीच्या निगेटिव्हवर विसंबू नका. विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत मिसळताना एल1 जनुकाचा तुकडा कधी गळून पडतो, आणि काही किट नेमका तोच शोधतात. इथे बायोप्सीच हवी.

स्वतः घेतलेल्या योनीच्या नमुन्यावर पीसीआर किट चांगलं चालतं, हायब्रिड कॅप्चर मागे पडतं. त्या नमुन्यातून पॅप होत नाही, त्यामुळे पॉझिटिव्ह आलेलीला दवाखान्यात यावंच लागतं, हे नमुन्याची काडी हातात देतानाच सांगा.

शिबिराची तारीखही विचार करून ठरवा. दसऱ्याच्या तोंडावर नमुने घेतले तर रिपोर्ट येईपर्यंत ऊसतोड टोळी साखर कारखान्यावर गेलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. बाईचा स्वतःचा नंबर नसेल तर तिला विचारून आशाताईंचा लिहा. निकाल मुकादमाच्या फोनवर कळवू नका.