नवा पीसी सारखा रीस्टार्ट होतोय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

महिनोन्‌महिने पैसे साठवून एकेक पार्ट आणायचा, रात्र जागून मशीन जोडायचं आणि ते दर दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट होत राहायचं. फार जीव खाणारा प्रकार आहे हा. अशा वेळी सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे अंदाजाने नवा पार्ट आणणं.

सांगलीच्या माझ्या भाच्याने तेच केलं. दोनदा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलला, तरी फरक नाही. कॅबिनेटची बाजूची काच काढली की मशीन दिवसभर चालायचं, काच लावली की रीस्टार्ट. सगळ्यांनी एकमुखाने निदान केलं, 'गरम होतंय.' पण मी तापमान पाहिलं तर प्रोसेसर जेमतेम ५२ अंशांवर. शिवाय प्रोसेसर तापला की आधी आपला वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर मशीन बहुधा बंदच पडतं. मग काचेचे स्क्रू आवळताना कॅबिनेटच्या पुढच्या पट्टीकडे नीट पाहिलं. पट्टी किंचित वाकत होती आणि रीसेटचं बटण आत अडकत होतं. मदरबोर्डावरून रीसेट स्विचची दोन पिनांची वायर उपसली आणि विषय संपला. ही तपासणी फुकट आहे, एका मिनिटाची आहे, म्हणून मी आता तिथूनच सुरुवात करतो.

मशीन नेमकं कधी रीस्टार्ट होतं, ते कागदावर लिहून काढा. बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रामच्या) स्क्रीनवर नुसतं ठेवलं असतानाही होत असेल, तर विंडोजचा काही संबंध नाही. विंडोज पुन्हा टाकण्यात रात्र घालवू नका. विंडोजमध्ये गेल्यावरच होत असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजच्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मध्ये जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढा. मग निळी स्क्रीन तशीच थांबेल आणि तिच्यावरचा कोड वाचता येईल. निळी स्क्रीन न येता थेट काळोख होत असेल, तर पॉवर किंवा हार्डवेअरकडे वळा. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल पॉवर ४१' दिसलं की लोक लगेच एसएमपीएसला दोष देतात. ती नोंद इतकंच सांगते, की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. कारण ती सांगत नाही.

डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा चालू करताना धीर धरा. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्यात काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, एखादा रीस्टार्टही होतो. घाबरून बटण बंद केलंत तर ते सगळं पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटं हात लावू नका.

रॅमच्या डब्यावरचा ६००० हा वेगाचा आकडा बहुतेक वेळा एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅमचा वेग वाढवणारी बायोसमधली सेटिंग चालू केल्यावरचा असतो. ते बंद करून एक दिवस वापरून बघा. दोन स्टिक असतील तर चार स्लॉटच्या बोर्डावर त्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. बोर्डाच्या पुस्तिकेत बघून घ्या. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी ती सोडून देऊ नका.

फक्त गेम खेळताना रीस्टार्ट होत असेल तर ग्राफिक्स कार्डाच्या वायरी बघा. दोन कनेक्टर असतील तर एकाच वायरीची दोन टोकं लावू नका, एसएमपीएसपासून दोन वेगळ्या वायरी आणा. आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्के करा. रीस्टार्ट थांबले तर पॉवर कमी पडत असल्याचा संशय खरा, आणि मग नवा एसएमपीएस आणण्यात अर्थ आहे. पण जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) वायरी नव्याला कधीही लावू नका. टोक बसतं, आतली पिनांची मांडणी वेगळी असते आणि हार्ड डिस्क जळू शकते.

इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस आधी अपडेट करा. त्यांतल्या अस्थिरतेवर इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून प्रोसेसरला मिळणारी दुरुस्ती) दिला, पण दुकानात पडून राहिलेल्या बोर्डावर जुनाच बायोस असू शकतो.

घरची वीजही तपासा. एक्स्टेन्शन बोर्ड काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नीट नाही, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

एवढ्यानेही भागलं नाही तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस, बस. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसेल तरच ग्राफिक्स कार्ड. असं तासभर बायोसमध्ये चाललं, तर कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली एखादा जादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड उंच धरणारा खुंट) टेकतोय का ते शोधा. तसं काही नसेल तर एकेक पार्ट परत जोडा, आणि प्रत्येक पार्टनंतर अर्धा तास मशीन चालू ठेवून बघा.