ब्रोमोचा सूर्योदय जीपने कसा पाहावा: सिंहगडाची सवय असलेल्या पुणेकरांसाठी

रविवारी पहाटे साडेचारचा अलार्म लावून सिंहगड गाठणाऱ्या पुणेकराला ब्रोमोसाठी फारसं नवं शिकावं लागत नाही. अंधारात निघायचं, वाऱ्यात कुडकुडत उभं राहायचं आणि उजाडलं की काहीतरी तळलेलं खायचं. फरक एवढाच, की सिंहगड तेराशे मीटरच्या आसपास आहे आणि इंडोनेशियातल्या पूर्व जावामधला पनंजाकनचा माथा २,७७० मीटरवर. खाली खडकवासल्याचं पाणी नाही, धूर सोडणारा ब्रोमो हा जिवंत ज्वालामुखी आहे.

आम्ही चौघं गेलो होतो: मी, बायको, आई आणि सत्तरीची मावशी. काही गोष्टी बरोबर जमल्या, काही चुकल्या. दोन्ही सांगतो.

आधी नकाशा डोक्यात बसवा

एका जुन्या प्रचंड ज्वालामुखीचा माथा आत कोसळला आणि सुमारे दहा किलोमीटर रुंदीची परात तयार झाली, असं समजा. तिच्या तळाला राखेची करडी वाळू पसरली आहे. तिला तिकडे 'लाउतान पासिर' म्हणतात, म्हणजे वाळूचा समुद्र. त्या परातीत ब्रोमो (२,३२९ मीटर) आहे आणि त्याला खेटून बातोक (२,४४० मीटर), निऱ्या घातल्यासारख्या उभ्या घळींचा. या सगळ्याच्या मागे, दूर दक्षिणेला, सेमेरू. ३,६७६ मीटर उंचीचा सेमेरू जावा बेटातला सर्वांत उंच डोंगर. तोही जागाच आहे, मधूनमधून फुर्रकन धूर सोडतो.

पनंजाकन परातीच्या उत्तर काठावर आहे. म्हणजे ज्वालामुखी तुमच्या समोर दक्षिणेला आणि सूर्य डाव्या हाताला उगवणार. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सगळी गर्दी पूर्वेच्या कठड्याकडे धावते, तसे आम्हीही धावलो, आणि लाल गोळ्याचा जो फोटो मिळाला तो वेताळ टेकडीवरही मिळाला असता. पाहायचं असतं ते ऊन डोंगरांवर कसं उतरतं ते. जागा धरायची तर दक्षिणेकडे तोंड करून धरा.

जाता जाता एक. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वाहत येऊन थरावर थर बसलेला. पाताळेश्वराची लेणी याच दगडात कोरली आहेत. म्हणून आपल्याकडे सपाट माथे आणि पायऱ्यांसारखे कडे दिसतात, शंकू नाहीत. पर्वती हा विझलेला ज्वालामुखी आहे असं शाळेत छातीठोकपणे सांगणारा एक मित्र प्रत्येकालाच असतो, नाहीये. जावाखाली मात्र समुद्रतळाचं भूपट्ट आजही खचत आत जातंय, त्यामुळे तिथे शंकूंची रांगच उभी आहे.

कधी जायचं

मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ, त्यामुळे आपली उन्हाळी सुट्टी बरोबर जमते. जुलै-ऑगस्टला आकाश सर्वांत स्वच्छ, पण थंडीही तशीच. पारा शून्याजवळ जातो आणि कधी कधी गवतावर हिमकण धरतात. दिवाळीच्या सुट्टीत जायचं तर पावसाळा तोंडावर असतो, धुक्याचा जुगार खेळायची तयारी ठेवा. शनिवार-रविवार, ईदनंतरचा आठवडा आणि १७ ऑगस्ट (त्यांचा स्वातंत्र्यदिन) टाळा. त्या दिवसांत जीपांची रांग पाहून चांदणी चौकाची आठवण येते.

निघण्याच्या आठवड्यात एक गोष्ट तपासायचीच. ज्वालामुखीच्या सरकारी इशाऱ्याच्या चार पातळ्या असतात. ब्रोमो बराच काळ दुसऱ्या पातळीवर, 'वास्पादा'वर, म्हणजे सावध राहा या स्थितीत असतो. 'मॅग्मा इंडोनेशिया' या सरकारी संकेतस्थळावर रोजची स्थिती मिळते. पातळी वाढलेली असेल किंवा विवरापासून लांब राहायला सांगितलं असेल, तर जीपवाला "चालतंय" म्हणाला तरी विवराकडे जाऊ नका. २००४ मध्ये इथे अचानक झालेल्या स्फोटात माणसं गेली आहेत.

पोहोचायचं कसं, राहायचं कुठे

जवळचं मोठं विमानतळ सुरबया. पुण्याहून निघाल्यावर सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदलणं सोयीचं पडतं. भारतीयांना उतरल्यावर किंवा आधी ऑनलाइन ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, फी ५ लाख रुपिया. आकडा बघून दचकू नका. शेवटचे तीन शून्य खोडा, उरलेल्याला पाचने गुणा आणि थोडं वाढवा, की आपले रुपये आले. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी.

सुरबयाहून मध्यरात्री निघून सूर्योदय बघून परत येणाऱ्या सहली मिळतात. तरुण असाल आणि झोपेशी वैर असेल तर करा. मी म्हणेन, परातीच्या काठावरच्या चमोरो लावांग गावात रात्र काढा. सुरबयाहून गाडीने तीन-चार तास लागतात. प्रोबोलिंगोपर्यंत रेल्वेनेही येता येतं. गावात राहिलात तर रात्री साडेअकराऐवजी पहाटे तीनला निघता येतं. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असल्यामुळे पुण्यातून कालच आलेल्या शरीराला तीन म्हणजे रात्रीचा दीडच वाटतो. म्हणून आधीच्या दिवशी जेवण सातला उरका आणि आठला आडवे व्हा.

जीप ठरवताना

परातीत स्वतःची किंवा भाड्याची साधी गाडी नेता येत नाही, स्थानिक फोर व्हील ड्राइव्ह जीपच घ्यावी लागते. या बहुतेक टोयोटाच्या जुन्या लँड क्रूझर, एफजे ४०. तिथे त्यांना 'हार्डटॉप' म्हणतात. या मॉडेलचं उत्पादन १९८४ मध्ये थांबलं, तरी लाल, पिवळ्या, पोपटी रंगात त्या अजून धडधडत डोंगर चढतात. पुढे ड्रायव्हरशेजारी एकाची नीट सोय होते. मागे समोरासमोर दोन बाक, गुडघ्याला गुडघा लावून. वडापमधून प्रवास केलेल्यांना घरच्यासारखं वाटेल. कंबरेचा त्रास असलेल्या माणसाला पुढची जागा द्या, आणि हे जीप आल्यावर नाही, आदल्या रात्रीच ठरवा. आमच्याकडे आई आणि मावशी एकमेकींना "तू बस पुढे" म्हणत राहिल्या आणि दहा मिनिटं त्यात गेली.

भाडं माणशी नसतं, जीपचं असतं, आणि किती ठिकाणी थांबणार यावर ठरतं. त्यामुळे विचारायचं ते असं: सूर्योदयाची जागा नक्की कोणती? विवर धरलंय का? गवताळ माळ धरलाय का? आणि राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट यात आहे की वेगळं? शेवटचा प्रश्न विसरू नका. परदेशी पाहुण्यांचं तिकीट आपल्या हिशेबाने हजार रुपयांच्या वर जातं आणि ते आधी ऑनलाइन काढायचं असतं. आमच्या एजंटाने ते काढलंच नव्हतं, हे आम्हाला रात्री नऊला कळलं. तिकीट फोनवर आल्याशिवाय झोपायचं नाही, हा माझा नियम तेव्हापासूनचा.

थांबे निवडताना पनंजाकन सर्वांत उंच, म्हणून गर्दीही तिथेच. थोडं खाली 'किंगकाँग हिल' आहे. तिथून डोंगर जास्त जवळ वाटतात. गुडघे कुरकुरत असतील तर रस्त्यापासून किती चालायचं हे आधी विचारा.

पिशवीत काय

थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. माकडटोपी न्या, पुण्यात घालायला लाज वाटते ती तिथे वाटत नाही. हातमोजे, मोजे आणि बंद बूट. जाकीट विसरलात तरी वर भाड्याने मिळतं. राखेसाठी चांगला मास्क आणि ओला रुमाल. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर त्या दिवशी चष्माच लावा, कारण वाळूच्या समुद्रात वारा सुटला की डोळ्यांत राखच राख. कॅमेऱ्याची लेन्सही तिथे बदलू नका. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा. सुटे रुपिया लागतात, स्वच्छतागृहापासून घोड्यापर्यंत सगळं रोखीत. गाडी लागणाऱ्यांनी निघण्याच्या अर्धा तास आधी गोळी घ्यावी आणि पोटात एखादा लाडू किंवा खाकरा एवढंच असू द्यावं.

दम्याचा त्रास असेल तर विवराकडे जायच्या आधी डॉक्टरांशी बोला, तिथे गंधकाचा धूर थेट छातीत जातो. गरोदर बाईने ही जीप टाळावी.

ती पहाट

तीनला जीप येते. बसण्याआधी एक काम करा: नंबरप्लेटचा आणि ड्रायव्हरचा फोटो काढा. वर पोहोचल्यावर शेकडो जीपा एकसारख्या दिसतात, स्वारगेटला आपली एसटी शोधावी तशी गत होते.

जीप आधी परातीत उतरते. दिव्यांच्या झोतात फक्त धूळ आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसतात. वाळूत हादरे कमी, पण घसरल्यासारखं वाटतं. वरचा दांडा धरून बसा. मग पलीकडचा चढ लागतो, वळणावळणांचा. ड्रायव्हर घाई करत असेल तर 'पलान-पलान' म्हणा, म्हणजे सावकाश. आमच्या ड्रायव्हरने हसून वेग कमी केला, तोही दोन वळणांपुरताच.

गर्दीच्या दिवशी जीप माथ्याच्या बरीच अलीकडे थांबते. उरलेलं अंतर चालायचं, किंवा 'ओजेक'वाले दुचाकीवर नेतात, भाव आधी ठरवून. साडेचारपर्यंत जागेवर पोहोचायला हवं, कारण सूर्य साधारण पाच ते पावणेसहाच्या दरम्यान वर येतो, महिन्यानुसार. तोवर टपरीवर आल्याचा गरम चहा घ्या.

आणि मग, सांगितलं तसं, मान उजवीकडे वळवा. आधी करडा उजेड. परातीत धुकं साचलेलं, ताकासारखं पांढरं, त्यातून बातोकचा माथा आणि ब्रोमोचा धूर तेवढा वर. पहिलं ऊन सेमेरूच्या टोकाला लागतं, तिथून हळूहळू खाली सरकत बातोकच्या निऱ्यांवर येतं, आणि एकेक घळ उठून दिसायला लागते. सूर्य वर आल्यावर दहा मिनिटांत निम्मी माणसं जीपकडे पळतात. तुम्ही थांबा. खरं दृश्य त्यानंतरच्या अर्ध्या तासातलं, आणि कठडाही मोकळा झालेला असतो.

विवराच्या काठावर

परत खाली वाळूत. जीप काळ्या दगडाच्या देवळाच्या अलीकडे थांबते. हे पुरा लुहुर पोतेन, तंगेर लोकांचं मंदिर. इथले तंगेर हिंदू आहेत आणि ब्रोमो हे नावही ब्रह्मावरून आलं, असं मानतात. दरवर्षी कसाडा महिन्यातल्या 'यज्ञ कसाडा' सणाला ते भाजीपाला, धान्य, कोंबड्या असा नैवेद्य विवरात अर्पण करतात. त्या दिवसांत पर्यटकांना बंधनं असतात, तारीख बघूनच बेत करा.

इथून विवरापर्यंत वाळूतून चालावं लागतं. घोडे मिळतात, माथेरानसारखेच, आणि भावही तसाच करावा लागतो. जाऊन-येऊन किती, हे बसण्याआधी ठरवा. घोडा पायऱ्यांपाशी सोडतो. वर सुमारे अडीचशे पायऱ्या आहेत, पर्वतीच्या दुपटीहून जास्त, आणि राखेने भरलेल्या. काठ अरुंद आहे आणि कठडा सगळीकडे नाही. आत गडगडाट ऐकू येतो, विमान घरावरून जावं तसा, फक्त तो थांबत नाही. वारा तुमच्याकडे फिरला आणि घशात खाज आली की लगेच उतरा, फोटो राहू दे.

काठावर एक छोटा गणपती आहे, फुलं वाहिलेला. मावशी घोड्यावरून उतरून पायऱ्या चढली ती त्याच्यासाठीच. पिशवीतली राजगिरा वडी काढून तिने त्याच्यापुढे ठेवली. शेजारच्या तंगेर बाईने फुलांची एक जुडी तिच्या हातात दिली आणि काही बोलली. आम्हाला एक शब्द कळला नाही, मावशीला सगळं कळलं असं तिचं म्हणणं आहे.

पुढचा गवताळ माळ वेळ असेल तरच करा. तिथे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एका जोडप्याच्या प्रीवेडिंग शूटसाठी पेटवलेल्या फ्लेअरने शेकडो हेक्टर गवत जळालं. आपल्याकडेही ही हौस वाढली आहे, म्हणून सांगतो: धुराच्या कांड्या, फटाके काही नेऊ नका. ड्रोनही घरी ठेवा, त्याला वेगळी परवानगी लागते.

शाकाहारींनी 'तानपा दागिंग' (मांस नको) आणि 'तानपा इकान' (मासे नकोत) हे दोन शब्दसमूह पाठ करावेत. सांबाल या तिखट चटणीत बऱ्याचदा कोळंबीची पेस्ट असते, ते वेगळं विचारा. केळ्याची भजी, तळलेलं टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि कोळशावर भाजलेलं कणीस बहुतेक टपऱ्यांवर मिळतं. कणसाला लिंबू-मीठ मात्र आपलं आपण न्यावं, तिथे गोड सॉस लावतात.

नऊ-साडेनऊपर्यंत हॉटेलवर परत येता. जीपमधून उतरताच बूट बाहेर झटका. राखेचे कपडे वेगळ्या पिशवीत भरा. डोक्यावरून पाणी घेतलं की काळं पाणी वाहायला लागतं, दोनदा शाम्पू करावा लागतो. खोली सोडायची वेळ आदल्या दिवशीच बारापर्यंत वाढवून घेतलेली असेल, तर दोन तास झोप मिळते.