मुलाचा अहवाल लिहिताना या चुका टाळा

एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची, नवी बॅच आली की पहिल्या महिन्यात माझ्या टेबलावर गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचे तेच अहवाल येऊन पडतात. मुलाचं नाव बदलतं, वस्ती बदलते. आज दिघा, उद्या तुर्भे स्टोअर, परवा लोकमान्य नगर. वाक्यं मात्र तीच: 'वडील व्यसनी. कुटुंब विस्कळीत. वाईट संगत. पश्चात्ताप दिसत नाही.' चार वाक्यांत पोराचा निकाल!

बाल न्याय मंडळाला एसआयआरमधून (मतदार याद्यांचा नव्हे, आपला: मुलाचा सामाजिक तपास अहवाल) दोन गोष्टी कळायला हव्या असतात. हा मुलगा पुन्हा कुणाला इजा करेल का, आणि करेल तर कशामुळे? आणि तसं होऊ नये म्हणून त्याला काय लागेल? मुलाला मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून यासाठी 15 दिवस मिळतात. नवखी मंडळी त्यातले बारा कागद जमवण्यात घालवतात आणि मुलाला अर्धा तास देतात.

'पश्चात्ताप दिसत नाही' असं लिहिणं

या वाक्यावर माझा खास राग आहे, कारण ते मीही लिहिलं होतं. बाल न्याय कायद्याचं कलम 74 मुलाची ओळख उघड करू देत नाही, म्हणून तपशील बदलून सांगते. सोळा वर्षांचा मुलगा, दिघ्याचा. भांडणात दुसऱ्या पोराच्या डोक्यात सळई घातलेली. निरीक्षणगृहात समोर बसला तो दगडासारखा. मी मोठ्या कळवळ्यानं विचारलं, "त्याला किती लागलं, माहितेय तुला?" तो म्हणाला, "हो." "वाईट वाटतं?" "हो." "परत असं करशील?" "हो." मी वहीत 'बेफिकीर, भावनाशून्य' असं लिहिलं आणि खाली ठळक रेघ मारली.

आमच्या वरिष्ठ मॅडमनी अहवाल वाचला आणि एवढंच विचारलं, "घरी गेली होतीस?" नव्हते गेले. दिघा गावचं स्टेशन जानेवारी 2024 मध्ये सुरू झालं. ही गोष्ट त्याच्या बरीच आधीची. ऐरोलीला उतरून रिक्षा, पुढे चढण. पोचले तर दारात त्याची आजी लसूण सोलत बसलेली. मी शेजारी टेकले, बोलता बोलता सहज म्हटलं, तुमचा नातू फार बोलत नाही हो. आजी म्हणाली, "ताई, त्याच्या डाव्या अंगाला बसत जा. उजवा कान लहानपणीच वाहून गेलाय. ऐकू नाही आलं की हो म्हणतो, सुटका करून घेतो."

मी उजवीकडे बसले होते. भांडणही 'बहिऱ्या' म्हणून चिडवण्यावरूनच पेटलेलं. आठवीत शाळा सुटली तीही शेवटच्या बाकावरून काही ऐकू येत नव्हतं म्हणून. म्हणजे धोका कुठे, गरज कुठे, सगळं त्या कानापाशी येऊन थांबत होतं, आणि माझ्या फॉर्ममध्ये 'आरोग्य' या रकान्यात 'ठीक' लिहिलेलं!

तेव्हापासून माझी सवय आहे. कुठल्याही मुलाला आधी विचारते, "कुठल्या बाजूला बसू?" मग अर्धा तास गुन्ह्याचं नावही काढत नाही. जेवण, झोप, क्रिकेट, मोबाइल. दुसऱ्या भेटीशिवाय 'पश्चात्ताप' हा शब्द माझ्या अहवालात येत नाही. पहिल्या भेटीत मूल घाबरलेलं असतं, आणि घाबरलेलं मूल थंड दिसतं.

गुन्हा मोठा म्हणजे धोका मोठा

एफआयआरमधलं कलम वाचून 'उच्च धोका' लिहिणारे दर बॅचला दोन तरी भेटतात. कलमावरून झालेली इजा कळते, पुढची शक्यता कळत नाही. दहीहंडीच्या गर्दीत एकदाच हात उचललेला पोरगा आणि दहाव्या-अकराव्या वर्षापासून शाळा बुडवणारा, मारामाऱ्या करत आलेला, 'किरकोळ' चोरीत तिसऱ्यांदा आलेला पोरगा यांत मला काळजी दुसऱ्याची वाटते. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये हाच फरक मांडला: काहींचं वागणं लहानपणापासून तसंच चालत येतं, बहुतेकांचं मात्र वयाबरोबर ओसरतं. कमी धोक्याच्या मुलाला 'सुधारणेसाठी' मुरलेल्या पोरांत नेऊन ठेवलं तर तो तिथून नवं शिकूनच बाहेर पडतो.

याच्याच शेजारचा गोंधळ म्हणजे त्याच कायद्याच्या कलम 15 चं प्राथमिक मूल्यांकन, म्हणजे मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे ठरवण्याआधीची तपासणी. किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा आणि सोळा पूर्ण झालेला मुलगा असेल, तरच ते होतं. त्यात पाहायचं ते असं: गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती. 'पुन्हा करेल का' हा त्यातला प्रश्नच नाही. तरी लोक एकाचा मजकूर दुसऱ्यात चिकटवतात. मंडळात बालमानसशास्त्राचं शिक्षण असलेला व्यावसायिक नसेल, तर अनुभवी मानसशास्त्रज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलं आहे. तेव्हा तिथे आपली हुशारी नको.

बाकीच्या चुका भराभर सांगते.

'वाईट संगत' लिहू नका. कोण, कुठे, किती वाजता, आणि याला तिथे काय मिळतं ते लिहा. मला बहुतेक वेळा उत्तर मिळतं, 'वडापाव आणि कुणीतरी विचारपूस करणारं'.

परदेशी तक्ता गुणांची बेरीज करायला वापरू नका. सॅव्हरी या मुलांमधल्या हिंसेचा धोका जोखायच्या तक्त्यात धोक्याचे 24 मुद्दे आहेत आणि जमेचे सहा. आमची मंडळी 24 भरतात आणि सहा कोरे सोडतात. मला तर आधी ते सहाच भरलेले बघायचे असतात. मामा आहे का? गॅरेजचा मालक परत कामावर ठेवेल का?

'पालक सहकार्य करत नाहीत' लिहिण्याआधी तुर्भ्याहून भिवंडीला, मंडळाच्या तारखेला, स्वतः बसनं जाऊन या. एका तारखेला त्या आईचा एक दिवसाचा रोज बुडतो.

पोलीस खोलीत असताना मुलाखत नको. शेजारणीसमोर तर मुळीच नको.

'सराईत', 'गुन्हेगारी वृत्ती' हे शब्द मी लाल पेनानं खोडते. मूल म्हणजे विधीसंघर्षग्रस्त बालक, आणि मंडळाचा निर्णय होईपर्यंत निर्दोषच.

धोका कोरून ठेवू नका. तीन महिन्यांनी पुन्हा बघायची तारीख अहवालातच टाका. ती नसेल तर मी सही करत नाही.

आणि अहवालाचा फोटो काढून बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'मॅडम, एकदा चेक करता का?' असं विचारू नका. प्रिंट काढा, घेऊन या. मी चहा पाजीन.