नवतप्याच्या (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या) आधीची तयारी: नागपुरातलं हरळीचं लॉन

लॉन लावायचं ठरलं तर नर्सरीत सगळ्यात शेवटी जा. आधी जागेवर दिवसभराचं ऊन बघून घ्या. बर्म्युडा म्हणजे आपल्या हरळीचीच सुधारित जात; तिला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. आंब्याखाली ती विरळच राहणार, तिथे फरशी बसवा आणि विषय संपवा.

खरं काम मातीचं. आपली काळी माती मेमध्ये भेगाळते अन् जुलैत पाणी धरून बसते. मुळं सडतात ती त्या पाण्याने. कोरड्यात कुदळ चालत नाही, म्हणून एप्रिलअखेर पाणी सोडा, वापसा आला (माती ओलसर पण चिकटत नाही अशी झाली) की वीतभर खणा आणि लव्हाळा या तणाच्या जमिनीतल्या गाठी हाताने वेचा. वरून उपटलेला लव्हाळा गाठीतून पुन्हा फुटतो, आणि हरळीत शिरला की वेगळा काढणं जवळपास अशक्य. मजुराला घाई असते, तेव्हा हे वेचणं तरी स्वतः करा. शंभर चौरस फुटांना 40-50 किलो शेणखत मिसळा, पण पूर्ण कुजलेलं. कच्च्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते आणि तणाचं बीही. घराकडून नालीकडे दर दहा फुटांना एक-दोन इंच उतार द्या. नुसत्या नजरेवर जाऊ नका, लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावा.

मग माती भिजवून पारदर्शक प्लास्टिक ताणा, कडा मातीत दाबा, चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. काळ्या प्लास्टिकखाली माती एवढी तापत नाही. एरवी शिव्या खाणारा नवतपा इथे तणाचं बी फुकटात भाजून देतो.

मृगाचा बरा पाऊस झाला की प्लास्टिक काढा. पुन्हा खणू नका, खालचं बी वर येईल. हरळीचे तुकडे तीन-चार इंचांवर, दोन पेरं मातीत जातील असे दाबा. तयार कार्पेट घेणार असाल तर उलटवून बघा, लव्हाळा बरेचदा त्यातूनच घरी येतो.

मशीनचं पातं आधीच धार लावून ठेवा. गवत दोन-अडीच इंच झालं की पहिली कापणी, तीही फक्त वरचा एक तृतीयांश. डिसेंबरच्या थंडीत हरळी पिवळी पडून थांबते. ती मेलेली नसते, तेव्हा युरिया टाकू नका. फेब्रुवारीअखेर ऊन तापलं की ती आपोआप हिरवी होते, खताची पोती तोवर कोरड्या जागी ठेवा.