आजीचे आयुष्य लिहून ठेवताना

घरातील नव्वदीच्या माणसाची जीवनकथा लिहायला बसताना पहिला प्रश्न जन्मतारखेचा विचारू नये. त्या पिढीतील अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून हीच तारीख घातलेली असते आणि तिच्यावर विसंबता येत नाही. सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांच्या आधाराने वर्षे ठरवावीत. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा आजी शाळेत जात होती का? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने जाग आली, तेव्हा कोणते मूल कुशीत होते? १९७२ च्या दुष्काळात चुलीवर काय शिजत होते? माझ्या आजीला लग्नाचे साल सांगता येत नसे, परंतु भूकंपाच्या वेळी थोरला मुलगा दुसरीत होता हे पक्के आठवत असे, आणि तेवढ्यावरून लग्नाचे साल बरेचसे जुळले.

बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. एका वेळी अर्धा तास पुरे. आपल्या कोल्हापूरकडील जुन्या बायका स्वतःविषयी ‘मी आलो, मी गेलो’ असे बोलतात. लिहिताना ते ‘आले, गेले’ असे सुधारू नये, कारण त्या क्रियापदांत तिचा आवाज आहे.

जुन्या छायाचित्रांमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत. त्यांच्या प्रती काढून एक संच दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे ठेवावा. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी किती घरांत शिरले, हे आपण पाहिले आहे.